विसावा महिना

आमच्या वहीत सगळ्यात रुंद रकाना भाड्याचा आहे. औषध, तपासणी, खोली, शिधा यांना बोट-बोटभर जागा आणि भाड्याला चांगली चार बोटं. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे रकाने आखायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पहिल्या वहीत मी औषधाला अर्धं पान दिलं होतं. कॅन्सर झालेल्या लेकरांसाठी पैसे जमवायचे म्हणजे ते औषधालाच लागणार, आणखी कशाला? वर्षाअखेरीस ते अर्धं पान बहुतेक कोरं निघालं, आणि भाड्याच्या चिंचोळ्या रकान्यात आकडे एकमेकांच्या डोक्यावर चढून बसलेले. दुसऱ्या वर्षी पट्टी-पेन्सिल घेऊन वही नव्याने आखली.

आम्ही पाच जणी आहोत. संस्था नाही, नाव नाही, लेटरहेड नाही. दर महिन्याला आपापल्या पेन्शनमधून थोडं, ओळखीपाळखीच्यांकडून मागून थोडं. मागायला गेलं की लोक 80जीची, म्हणजे करसवलतीची, पावती विचारतात, म्हणून पैसे एका नोंदणीकृत ट्रस्टमार्फत फिरवतो. 2,000 रुपयांच्या वर रोख दिली तर ती करसवलत मिळत नाही, हे मी आजवर इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

या कामात मी पडले ती एका फजितीतून. नातवाचा पहिला वाढदिवस होता. हॉल घेऊन खर्च करण्यापेक्षा काहीतरी चांगलं करू, असं सून म्हणाली आणि मलाही पटलं. आमच्या नागपुरातल्या एका रुग्णालयात मुलांचा कॅन्सर वॉर्ड आहे. तिथे आम्ही केक, फुगे आणि बारा मऊमऊ अस्वलं घेऊन पोचलो. सिस्टरनं दारातच अडवलं. "काकू, हे आत नाही नेता येणार." मऊ खेळण्यांत धूळ बसते, बुरशी धरते, केमो चाललेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, त्यांना तेवढंही पुरतं. केकवरचं क्रीम तर लांबच. "दोघातिघांचे काउंट पडलेत," ती म्हणाली, आणि मी खुळ्यासारखी खाली फरशीकडे बघितलं. शेवटी वॉर्डाबाहेर अस्वलांसकट आमचेच फोटो काढून आम्ही परत फिरलो. फॅमिली ग्रुपवर त्या फोटोंखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी ते फोटो अजून पुसलेले नाहीत. अधूनमधून बघते.

परतताना जिन्यात तिथली समाजसेविका भेटली. वयानं माझ्या मुलीएवढी. अस्वलांकडे बघून हसली नाही, हा तिचा मोठेपणा. "काकू, खरंच काही द्यायचंय का?" एवढंच विचारलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: कुरखेडा, 2 जण, सोमवार.

कुरखेडा गडचिरोली जिल्ह्यात, झाडीपट्टीत. त्या कागदावरच्या दोघांतला मुलगा तिथून पलीकडच्या एका गावचा; दुसरी त्याची आई. नाव लिहीत नाही. तेव्हा दहा वर्षांचा होता. ताप उतरेना, पायाची हाडं दुखत, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. त्या भागात ताप म्हणजे आधी मलेरियाच, त्यामुळे काही दिवस त्यात गेले. मग गडचिरोली, मग नागपूर. निदान झालं एएलएल, म्हणजे मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर.

याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिला महिना सगळ्यात कठीण. तो निभावला तर बहुतेक मुलांच्या अस्थिमज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची पेशी दिसेनाशी होते. डॉक्टर याला रेमिशन म्हणतात. आईबाप याला 'बरा झाला' म्हणतात. सगळा घोटाळा इथे आहे. दिसेनाशी झालेली पेशी संपलेली नसते, कुठेतरी दबा धरून असते. म्हणून पुढे कित्येक महिने केमो, पाठीच्या कण्यातली सुई, आणि नंतर लांबलचक मेंटेनन्स: एक गोळी रोज, दुसरी आठवड्यातून एकदा, ठरल्या तारखांना रक्त तपासून डोस कमी-जास्त. रोजच्या गोळीचं गणितही सोपं नाही. आज एक, उद्या अर्धी, परवा एक. समाजसेविकेनं शाळेच्या चौरेघी वहीत त्याच्या आईला तारखा आखून दिल्या होत्या. पूर्ण गोळीला पूर्ण चंद्र, अर्धीला अर्धा. ती माउली ब्लेडनं गोळी कापायची, आणि उरलेली अर्धी कागदाच्या पुडीत बांधून देवाच्या फोटोमागे ठेवायची.

एव्हाना केस परत आलेले असतात. गाल भरतात. पोरगं झाडावर चढायला लागतं. आणि नेमकं तेव्हाच येणं थांबतं.

पावसाळ्यात, रोवण्याच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. मी फोन लावला. त्याची आई म्हणाली, "आता तं मस्त खेळून राह्यला वो बाई. जेवते, झोपते, शाळेत जाते. काहून आनाचं त्याले? अन् रोवणा सुरू हाये. दोन रोज गेले का दोन रोजची मजुरी बुडते."

माझ्याकडे उत्तर होतं, "डॉक्टर म्हणतात म्हणून." तिच्याकडे हिशोब होता. अंधारात घर सोडायचं, वडशाला गाडी बदलायची, नागपूरला दुपार. रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, डॉक्टरांना दाखवायचं. तोवर शेवटची गाडी गेलेली, म्हणजे रात्र इथेच. दोन दिवसांची मजुरी, दोघांचं जाणं-येणं, चार वेळचं खाणं, घरी धाकटीला शेजारणीच्या गळ्यात टाकलेलं. आणि हे सगळं एका धडधाकट दिसणाऱ्या पोरासाठी. बँकेतल्या सवयीनं मी तो हिशोब वर-खाली तपासला. त्यात चूक सापडली नाही. फक्त एक नोंद तिच्या वहीत नव्हती, आणि ती डोळ्यांना न दिसणारी होती.

योजना नाहीत असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसतो. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ आणि सोबतच्याला 75 टक्के सूट. पण गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणजे वर्षानुवर्षं एकटं वडसा. आणि उपचाराची योजना कोणतीही असो, ती सुरू होते मूल दवाखान्याच्या दारात उभं राहिल्यावर. दारापर्यंतचा रस्ता कोणत्याच पॅकेजमध्ये नाही.

एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे. त्याची आई ती घेत नाही. दाखला काढायचा, कंडक्टरच्या हातात द्यायचा, तो मोठ्यानं वाचणार, म्हणजे अख्ख्या गाडीला कळणार. गाडीत गावचे लोक असतात. "लेकरू मोठं होईन, उद्या त्याचं लगन कराचं हाये," असं ती म्हणाली. दहा वर्षांच्या पोराचं लग्न! मला आधी हसू आलं, मग आलं नाही. लग्नाचं बोलते म्हणजे ती त्याला जगणार धरूनच चालली होती. म्हणून ती सरळ दोन हाफ काढते. ती बाई म्हणून हाफ, तो बाराच्या आतला म्हणून हाफ. दोन हाफ मिळून एक पूर्ण माणूस, असं तो पोरगा म्हणायचा.

त्या रोवण्याच्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा भाड्याच्या जोडीला बुडलेली मजुरीही दिली. आमच्यातच त्यावरून बरीच वादावादी झाली. एक जण म्हणाली, उद्या सगळेच मागतील. मागू देत की, दुसरी म्हणाली. तो पुढच्या सोमवारी आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी जगात सुमारे 4 लाख मुलं आणि किशोरवयीन मुलं कॅन्सरनं आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात. कित्येक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहून कमी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, त्यांच्याकडे काहीतरी भारी औषध असेल. पण तसं नाही. एएलएलच्या मुख्य गोळ्या-इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात, बहुतेक जुनी आणि पेटंट संपलेली. उशिरा निदान, उपचारात होणारा जंतुसंसर्ग, औषधांचा तुटवडा ही कारणं आहेतच. पण त्यांच्याच रांगेत आणखी एक उभं आहे: उपचार अर्धवट सोडणं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येसुद्धा 2009च्या सुमारास पाचातलं जवळपास एक मूल उपचार नाकारत होतं किंवा मध्येच सोडत होतं. मग इम्पॅक्ट फाउंडेशन उभं राहिलं. राहायची सोय, शिधा, समुपदेशन, न आलेल्यांचा पाठपुरावा अशी सगळी बिनचकाकीची कामं देणगीच्या पैशातून सुरू झाली, आणि काही वर्षांत सोडून जाणारी मुलं पाच टक्क्यांच्या आसपास आली. मधल्या काळात औषधं फारशी बदलली नव्हती. मुलं येत राहिली, एवढंच बदललं.

खरं तर ही गोष्ट आपल्या विदर्भातल्या एका माणसानं कधीचीच ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे बाबा. देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. 'अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार' हे त्यांच्या दशसूत्रीत आहेच, पण 'बेघरांना आसरा' हेही आहे, आणि एकाशिवाय दुसरं लंगडं पडतं हे त्यांनी कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय ताडलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही टाटाला आलेले रुग्ण उतरतात. माझे एक मामा तिथे तीन महिने राहिले. त्यांना डॉक्टरचं नाव आठवायचं नाही, धर्मशाळेतल्या पिठल्याची चव आठवायची. 2006 पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनी तेच काम मुलांच्या कुटुंबांसाठी नव्या रीतीनं चालवलंय. कुटुंबाला स्वच्छ खोली आणि स्वतःची चूल, सगळं फुकट. चूल महत्त्वाची. काउंट पडलेल्या मुलाला हॉटेलचं खाऊ घालता येत नाही.

टाटांचं नाव निघालं म्हणून सांगते. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांत रुई अडकलेली असायची आणि आम्ही नातवंडं ती वेचायचो. ही गिरणी जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून एम्प्रेस. मुंबईतले शेटजी तेव्हा त्यांना हसले म्हणे; पण कापूस इथला, मग गिरणी तिथे कशाला, हा जमशेटजींचा साधा विचार. त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी कापसाचा धंदा शिकायला इथेच राहिले. पुढे दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली ल्युकेमियानं गेल्या. रक्ताचाच कॅन्सर. तेव्हा तो बरा करणारं औषध जगात कुठेही नव्हतं. पैसा कितीही असो. मेहेरबाईंकडे कोहिनूरहून मोठा, 245 कॅरेटचा ज्युबिली हिरा होता. त्याचा रक्तातल्या पांढऱ्या पेशींपुढे काय उपयोग?

दोराबजींनी 1932 च्या एप्रिलमध्ये पत्नीच्या नावानं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, तो मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि फक्त हिंदुस्थानासाठी नव्हे. लागलीच जूनमध्ये ते स्वतः गेले. त्यांची संपत्ती आधीच दुसऱ्या ट्रस्टला दिलेली होती, तो हिराही पुढे विकला गेला, आणि त्या ट्रस्टच्या पैशातून 28 फेब्रुवारी 1941 ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. नागपूरच्या गिरणीच्या नफ्याचा त्यात किती वाटा होता हे कोणी मोजलेलं नसेल. पण एक धागा आमच्या आजोबांच्या पाळीतलाही असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलंय. गिरणी 2002 मध्ये बंद पडली. आता त्या जागी मॉल आहे. नातवाला तिथल्या सरकत्या जिन्यावर नेते तेव्हा त्याला सांगते, तुझे खापरपणजोबा इथे सूत काढायचे. तो आइस्क्रीम मागतो.

दानाचा पैसा कुठून निघतो आणि कुठे उगवतो याची मला त्यानंतर चटकच लागली. त्या पोराच्या आठवड्याच्या पिवळ्या गोळीचंच बघा. मेथोट्रेक्सेट. तिच्या घराण्यातली थोरली बहीण अमिनोप्टेरिन. 1947-48 मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर नावाच्या डॉक्टरनं ती ल्युकेमियाच्या 16 मुलांना दिली आणि त्यातल्या 10 जणांना तात्पुरता उतार पडला. तोवर या आजारात मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. ते रसायन फार्बरला मिळालं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातले भीमावरमचे. बोस्टनला शिकायला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. थोडी मदत सासऱ्यांनी केली आणि थोडी काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीनं. तिकडे पोचल्यावर पोट भरायला रुग्णालयात रात्रपाळीला हमाली केली. काकीनाड्यातल्या ज्या कोणा विश्वस्तानं त्या कागदावर सही केली असेल, त्याला आपण एका होतकरू पोराला बोटीचा हातभार लावतोय, याच्यापलीकडे काय कळलं असेल? तीस वर्षंही झाली नाहीत तोवर त्या सहीतून ही गोळी निघाली. एक धर्मादाय भाडंच ते. मी हे आमच्या पाचही जणींना दोन-दोनदा ऐकवलंय.

फार्बरची दुसरी गोष्ट पैशाची. पैसे कोणी देईना, तेव्हा 22 मे 1948 ला अमेरिकेच्या रेडिओवर त्याच्या वॉर्डातला एक बारा वर्षांचा मुलगा बोलला. खरं नाव झाकून त्याला 'जिमी' म्हटलं. त्याला बेसबॉलचे सामने बघायला टीव्ही हवा होता. आवडत्या संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले, सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, त्याचं बेसूर, आणि देणग्या 2,31,000 डॉलरच्या वर गेल्या. जिमी फंड आजही आहे. ही हकीकत कुठेही सांगितली की लोकांचे डोळे पाणावतात, माझेही पाणावले होते. पण त्यातच आमच्यासारख्यांची अडचण दडली आहे. टक्कल पडलेलं, खाटेवरचं, टीव्ही मागणारं लेकरू असलं की खिशात हात जातो. ते तिकडे बरोबरच होतं. संशोधनाला एकदाचा भांडवली पैसा हवा होता. उपचारांच्या विसाव्या महिन्यातल्या आमच्या पोरासाठी कोण गाणं म्हणणार? तो दिसतो कसा? गुटगुटीत, केसांना तेल लावलेला, गुडघे फुटलेले.

एका देणगीदारांनी त्याचा फोटो मागितला होता. आम्ही मुलांचे फोटो देत नाही, पण त्या दिवशी ते स्वतःच दवाखान्यात आले आणि तो समोरच पायऱ्यांवरून उड्या मारत होता. "हा? हा तर ठणठणीत आहे," ते म्हणाले, जरा हिरमुसून. जणू काही आम्ही त्यांना फसवलं. "जो खरंच सिरियस आहे त्याला द्या ना." मी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. नंतर वाटलं, यांना तरी काय बोलावं, मी नव्हते का अस्वलं घेऊन गेले? मराठीत विसावा म्हणजे एकोणिसाव्यानंतरचा, आणि विसावा म्हणजे आरामही. विसाव्या महिन्यात सगळे विसावतात. आईबाप, नातेवाईक, देणारे. आजार तेवढा विसावत नाही.

एक मुलगी होती, मध्य प्रदेशातली, बालाघाटकडची. आठव्या महिन्यानंतर आली नाही. फोन बंद. समाजसेविकेनं तिकडच्या आशाताईंना गाठलं, तर घराला कुलूप, कुटुंब कामाला बाहेरगावी. वर्षभरानं ती परत आली तेव्हा आजार तिच्या आधी परत आलेला होता. याहून जास्त मला लिहायचं नाही. वहीत तिच्या ओळीत भाड्याचा रकाना आठव्या महिन्यानंतर कोरा आहे, आणि मी तो भरत नाही.

दान म्हणजे पैसाच असं नाही, हे मात्र नागपूरच्या मे महिन्यानं शिकवलं. पारा 45 च्या पुढे, कॉलेजांना सुट्ट्या, रक्तदान शिबिरं बंद, आणि प्लेटलेट टिकतात जेमतेम पाच दिवस. साठवून ठेवता येत नाहीत. नाकातून रक्त थांबत नसलेल्या मुलाला आज हव्या असतात त्या आजच कोणाच्या तरी दंडातून यायला लागतात. आमच्या सोसायटीतला एक मुलगा, एरवी गच्चीवर मोठ्यानं गाणी लावतो म्हणून मी ज्याच्यावर खार खाऊन असते, तो एका उन्हाळ्यात तीनदा मशीनला जोडून घेऊन तास-दीड तास बसला. गाणी अजून लावतो. मी आता बोलत नाही.

संशोधनाचं नाव काढलं की लोकांना पांढरा कोट आणि परीक्षानळी दिसते. मलाही दिसायची. आपल्या देशातल्या मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र येऊन वेगवेगळ्या रुग्णालयांत एकाच पद्धतीच्या चाचण्या चालवायला घेतल्या आहेत, कारण परदेशातली उपचारपद्धती तिकडच्या खात्यापित्या मुलांवर बेतलेली असते. आपल्या रोडावलेल्या पोराला तोच डोस दिला तर कॅन्सरआधी न्यूमोनिया त्याला गाठतो. मग किती कमी केलेलं चालेल? याचं उत्तर मिळायला प्रत्येक मुलाची वर्षानुवर्षांची नोंद लागते. नोंद ठेवणारी व्यक्ती लागते, तिचा पगार लागतो, आणि ते मूल परत यावं लागतं. येणं थांबलेलं मूल अभ्यासाच्या कोष्टकातही भोक पाडून जातं. ते वाचलं की गेलं, कोणालाच कळत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाला हे सुरुवातीपासून उमगलं असावं. 1962 मध्ये ते देणग्यांवर उघडलं तेव्हा एएलएल झालेल्या शंभरातली चार मुलं वाचत, आता त्यांच्याकडे 94 वाचतात. तिथे कुटुंबाला उपचाराचं बिल जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं. प्रवासाचं, राहण्याचं आणि जेवणाचंही जात नाही, हे कमी लोक सांगतात.

तर मागच्या महिन्यात त्या पोराचा विसावा महिना होता. गाडी उशिरा होती, मी गणेशपेठ स्टँडवर आणायला गेले. आमच्या दोघांत बरेच दिवस एक भांडण चालू होतं. तो प्रवासाची तिकिटं जमवतो, कंपासपेटीत. मला ती हिशोबाला हवीत. ट्रस्टचे ऑडिटर अस्सल कागद मागतात. शेवटी तडजोड अशी झाली की मी झेरॉक्स काढणार आणि अस्सल त्याला परत देणार, ऑडिटरांना मी बघून घेईन. मशीनवरची तिकिटं ती, उन्हानं शाई उडून जाते. स्टँडवरच्या बाकावर त्यानं पेटी उघडली तर तीन तिकिटं पांढरीफटक.

"आता हे काय लिहू मी?" मी म्हटलं.

त्यानं एक उचललं, डोळ्यांजवळ धरलं. "हे रोवण्याच्या वख्ताचं. गाडी वडशाले बंद पडली होती." दुसरं उचललं. "हे पाठीतल्या सुईचं. येताना मी वांती केल्ती अन् कंडक्टर काकांनं केळं देल्लं." तिसरं बराच वेळ बघितलं. "हे मालूम नाही. काहीच नाही झालं त्या रोजी." कोऱ्या कागदावरून तो मला वाचून दाखवत होता आणि मी वहीत तारखा जुळवत होते. तिन्ही जुळल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं: दोन हाफ.

"बाई, पुढच्या बारीले दोन हाफ नका लिहू," तो म्हणाला.

"काहून रे?"

"मी बारा पूर्ण करून राह्यलो ना. मले आता फुल लागते."

त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. "पाह्यलं का वो बाई, खर्च वाढवला पोट्ट्यानं."